शेवटचा डा ओढणारा हात

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. तापट आणि वर उतावळा. वायरलेसच्या नादाला लागलेल्या माणसाला हे दोन्ही परवडणारं नाही. तिथं कानाला हेडफोन लावून, श्वास धरून, डायल केसभर इकडं आणि केसभर तिकडं फिरवत बसायचं असतं. मी पाच मिनिटं बसायचो आणि उठायचो. एरियल ढिली पडली का, जोड निसटला का, तारेवर कावळा बसला का, हे बघायला अंगणात जायचो, परत यायचो, परत उठायचो. आई म्हणायची, बुडाखाली इंगळ हाय का तुझ्या? होता. तो कसला होता तेच सांगायचं आहे.

मोर्स आम्ही दोघं भाऊ साताऱ्यात शिकलो. वडील तिथं एका शाळेत शिपाई होते. आमच्या गल्लीत एक हवालदार राहायचे, फौजेच्या सिग्नल खात्यातून पेन्शनीत आलेले. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, कारण शाळा सुटली की ते पोरांना ओट्यावर बसवून तारेची भाषा शिकवायचे, तेही फुकट. टिंबाला डी म्हणायचं आणि रेघेला डा. एका फळीवर पितळेची की, म्हणजे बोटांनी दाबायची खटकी, ठोकलेली, तिला दोन सेल आणि एक बझर जोडलेला, एवढीच काय ती शाळा. लढाईत त्यांच्या उजव्या मनगटात गोळी घुसली होती, त्यामुळं ते मनगट पुरतं वळायचं नाही. अशी किती पोरं त्यांनी तयार केली देव जाणे. निम्मी फौजेत गेली, काही रेल्वेत, काही बोटींवर.

दादा आणि मी समोरासमोर बसायचो. तो पाठवायचा, मी लिहायचो. मग मी पाठवायचो आणि तो लिहायचा. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो. डी-डा तेच, पण कुणी घाईनं ठोकतं, कुणी मध्येच अडखळतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा अमका. निरोप संपला की शेवटी 'के' हे अक्षर द्यायचं, डा-डी-डा. त्याचा अर्थ, माझं झालं, आता तू बोल. दादा त्यातला शेवटचा डा ओढायचा. डा-डी-डाऽऽ. मास्तर त्याच्या बोटांवर फूटपट्टी हाणायचे आणि म्हणायचे, दार लावून घे रं, उघडं टाकून जाऊ नको. मलाही तसंच ओरडायचे, पण मला वाटायचं, दादाच्या शेजारी बसतो म्हणून मलाही उगीच प्रसाद मिळतोय.

पुढं दादा रीतसर परीक्षा देऊन बोटीवर वायरलेसवाला झाला. मला डोळ्यांचा चष्मा आडवा आला. मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान मांडायच्या आणि दुरुस्तीच्या कामावर लागलो. आणि त्याच सुमारास वडील गेले.

दादाची बोट तेव्हा कुठल्या कुठं होती. तो आला तो दीड महिन्यानं. दाढी केलेला, परदेशी बूट, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो डबा बघितला आणि माझं डोकं फिरलं. दीड महिना मी एकट्यानं सगळं उरकलं होतं, खांदा दिला होता, लोकांच्या नजरा झेलल्या होत्या. मी त्याला म्हणालो, "पाव्हण्यासारखा आलायस, पाव्हण्यासारखाच जा." त्यानं वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. आई आत भाकरी थापत होती. तिला कळेपर्यंत तो गल्ली ओलांडून गेला होता. पिठाच्या हातानं ती स्टँडपर्यंत धावत गेली, पण गाडी सुटली होती.

तिनं मला एका शब्दानं टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं, मी उलट चार शब्द बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यानंतर दादाचं पत्र नाही. वर्षभरानं मी त्याच्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की ते गृहस्थ आमची नोकरी सोडून परदेशी बोटीवर गेले, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं की म्हणजे तो जिता हाय का न्हाई.

मग मी आईला सांगलीला आणलं. विश्रामबाग तेव्हा निम्मी शेतंच होती. आम्हाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, पुढं अंगण, कडेला आड आणि आडाजवळ एक कडुनिंब. हे अंगण बघितल्याबरोबर माझ्या मनात एरियल उभी राहिली. लढाईच्या काळातला एक जुना रिसीव्हर मी मुंबईहून आणला होता, लोखंडी पेटीसारखा जड. कॉलेजमध्ये त्याचे व्हॉल्व्ह बदलून तो बोलता केला. शंभर फूट तांब्याची तार घेतली, एक टोक छपरावरच्या वेळूला बांधलं, दुसरं कडुनिंबाला, दोन्हीकडं चिनीमातीचे इन्सुलेटर. पहिल्याच वाऱ्यात झाड हललं आणि तार तटकन तुटली. मग आडाची एक जुनी कप्पी झाडाला लटकवली, तिच्यावरून दोर घेतला आणि खाली धोंडा बांधला. झाड झुललं की धोंडा वर-खाली व्हायचा आणि तार ताठ राहायची. शेजारची माणसं येता-जाता तो धोंडा बघून हसायची.

आपला संदेश पाठवायचा हौशी लोकांचा परवाना मी मागितला होता, तो काही येत नव्हता. पण ऐकायला काय लागतं? आणि खरं सांगायचं तर मला कुणाशी बोलायचं नव्हतं. जगभरचे हौशी लोक एकमेकांना हवापाणी विचारत असायचे, त्यांना मी झटक्यात ओलांडून पुढं जायचो. मला बोटी हव्या होत्या. सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला अरबी समुद्रातल्या बोटी किनाऱ्यावरच्या केंद्राला हाका मारायच्या, आपले निरोप द्यायच्या. त्या गर्दीत मी एकच हात शोधत होतो. बोट कुठलीही असो, नाव काही असो, हात तर बदलत नाही.

आईला हे समजावून सांगायला मला वाटलं तास लागेल. तिला शाळेचं तोंड ठाऊक नाही. तिचं माहेर जतकडचं, मेंढ्या राखणाऱ्यांचं; अजूनही काही मोजायचं झालं की ती कानडीत मोजायची, वंदू, यरडू, मूरू. मी सांगितलं की नुसत्या टकटकीवरून माणूस ओळखता येतो. ती म्हणाली, त्यात काय, दोनशे मेंढरांत एक वरडलं तरी आमाला कळायचं कुणाचं ते. झालं. माझी सगळी विद्या तिनं एका वाक्यात खिशात घातली.

अडचण निराळीच निघाली. उन्हाळा लागला तशी सेटमध्ये खरखर वाढली. एरियलला जमीन चांगली लागते. म्हणून मी अंगणात कमरेएवढा खड्डा काढून, कोळसा आणि मीठ घालून त्यात पाईप पुरला होता आणि तिथून सेटला तार नेली होती. पण ती काळी जमीन, चैत्रात अशी भेगाळली की हात आत जावा. कोरड्या मातीत ते अर्थिंग नावालाच उरलं. मी आईला म्हणालो, भांडी घासलेलं पाणी रोज या खड्ड्यात ओतत जा, ओल राहिली की ऐकू स्वच्छ येतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती आडाचं पाणी शेंदून, गाळून, तांब्यानं ओतत होती. मी चिडलो. आड तळाला गेलेला, प्यायला पुरवून पुरवून वापरतोय, आणि ही चांगलं पाणी मातीत घालतेय. जिच्या माहेरी तोंड धुतलेलं पाणीसुद्धा कोकरांना ठेवायचे, ती ही बाई.

ती म्हणाली, "माझ्या लेकराचा आवाज यायचा त्यातनं. त्यात खरकटं ओतू व्हय?"

रोज पहाट सरली की ती पाच तांबे ओतायची, कानडीत मोजून, आणि मग मी सेट लावायचो.

वैशाखात एका सकाळी तो हात आला. वीज कडाडल्यासारखी खरखर, दोन-तीन केंद्रं एकमेकांत घुसलेली, आणि त्याच्या तळातून एक बारीक सूर. कुणीतरी हवामानाचे आकडे देत होतं. मी आकडे लिहीतही नव्हतो. निरोप संपला. डा-डी-डाऽऽ. मी उभाच राहिलो आणि हेडफोनची वायर खेचली जाऊन सेट टेबलाच्या कडेपर्यंत आला. आईला हाक मारली, ती धावत आली, तिच्या कानाला हेडफोन लावला. तोपर्यंत किनाऱ्याचं उत्तर येऊन गेलं होतं, पण पुन्हा एकदा त्याची पाळी आली आणि तिनंही तो ओढलेला डा ऐकला. ती पदर तोंडाला लावून रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

बोटींची बोलणी ऐकली तरी ती कुणाला सांगायची नाहीत असा नियम आहे. मी काय निरोप होता ते तिला कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. आला का, एवढंच विचारायची. आला म्हटलं की दिवस बरा जायचा. नाही म्हटलं की ती आणखी दोन तांबे ओतायची आणि मी कॉलेजात दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसायचो. एरियलची दिशा बदल, वेळूची उंची वाढव, तारेचे जोड पुन्हा डाग, असं माझं रोज काही ना काही चालायचं. पासष्टची लढाई नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा हे सगळं बघून कुणीतरी चौकीवर सांगितलं. एक पोलीस आला. रेडिओ ऐकायचा पोस्टातला परवाना बघितला, धोंडा बघितला, खड्डा बघितला आणि आईला विचारलं की मावशे, हितं रोज पानी का घालताय, पेरलंय काय? आई म्हणाली, पोरगा. तो माझ्याकडं बघायला लागला. त्याला चहा देऊन वाटेला लावेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. प्रत्येक बोटीला चार अक्षरी खूण असते, ती बोट हाक मारताना देते. त्या हाताच्या बोटीची खूण मी पहिल्याच दिवशी टिपून घेतली होती. मुंबईला पत्र टाकून बोटीचं नाव, मग मालक, मग वायरलेसवाल्याचं नाव, असं शोधता आलं असतं. मी पत्र लिहिलं. पाकीट चिकटवलं. आणि ते सात-आठ महिने कपाटात ठेवून दिलं. रोज बाहेर पडताना वाटायचं आज टाकू, आणि रोज पाय पोस्टाच्या पुढं निघून जायचा. इतका उतावळा माणूस मी, पण या एका कामात मला घाई नव्हती. उलट उत्तर आलं तर काय, याचीच भीती होती.

थंडी संपत आली होती. रविवारचा दिवस, ऊन चांगलं वर आलेलं. मी अंगणात कप्पीला तेल घालत होतो. फाटकाशी कुणीतरी उभं राहिलं. हातात पत्र्याची ट्रंक, डोक्याचे केस विरळ झालेले. दादा. माझ्या हातातली तेलाची बुधली खाली पडली. त्यानं वर बघितलं, तार बघितली, धोंडा बघितला आणि हसला. म्हणाला, कप्पी उलटी बांधलीयस गड्या, दोर घासून तुटंल. तीन वर्षांनी भेटलेला भाऊ, आणि पहिलं वाक्य हे.

आईचं काय झालं ते मी लिहिणार नाही. ती शांत झाली, त्याला पाणी दिलं, साताऱ्याच्या गल्लीत विचारत विचारत तो इथवर आल्याचं ऐकून घेतलं, मग तिघं जेवायला बसलो. मी त्याची माफी मागायची म्हणून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो आणि तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, रोज ऐकतो तुला, काल सकाळीसुद्धा ऐकलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

मग त्यानं सांगितलं. दीड वर्षापूर्वी बोटीवर दार अंगावर येऊन त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड बसलं ते वाकडंच. त्याला बोटीवरून उतरवलं, आणि तेव्हापासून तो विशाखापट्टणमला धक्क्यावर एका गोदामात कारकून होता. कीला हात लावलेला नाही. पत्र लिहावंसं वाटायचं, पण तू जा म्हणाला होतास, असं तो म्हणाला. ते तो रागानं बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

मी वाद घालायला लागलो. माझी जातच ती. मी म्हणालो, अशक्य, तो शेवटचा डा ओढणारा हात तुझाच, मास्तरांनी फूटपट्ट्या मारल्या त्यासाठी, मला ठाऊक नाही का? दादानं डाव्या हातानं तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, ठोक बघू 'के'. मी चमच्यानं तांब्यावर ठोकलं. टकटकीत डी काय आणि डा काय कळायचं नाही, म्हणून तो म्हणाला, तोंडानं म्हण. मी म्हणालो. घाईत, रागात, नेहमी म्हणतो तसं.

आई ताटावरून मान वर करून म्हणाली, "ह्योच की त्यो."

कुणीच जेवेना. दादा म्हणाला की तुझाही तसाच आहे, पहिल्यापासून, आपला हात आपल्याला ऐकू येत नाही. मास्तरांचाही तसाच होता. मनगटात गोळी, वळायचं नाही, उचलायला उशीर व्हायचा. आपण त्यांचंच ऐकून शिकलो. त्यांच्या ओट्यावर जी जी पोरं बसली, त्या सगळ्यांचा शेवटचा डा असाच. फूटपट्टी मारून ते स्वतःचीच खोड आपल्यात सुधारत होते बिचारे, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मग मी आठ-नऊ महिने कुणाला ऐकलं? साताऱ्यातल्या कुणाला तरी. आमच्याच ओट्यावर आमच्या आधी नाहीतर नंतर बसलेल्या कुणाला तरी, ज्याचं नावही मला ठाऊक नाही. मला आईकडं बघवेना. कपाटातल्या त्या पाकिटाचं मी त्याच दिवशी दोघांना सांगून टाकलं. आई उठली, ताटं उचलली आणि चुलीपाशी गेली. तिची मान खाली होती. मला वाटलं, आता हिचा माझ्यावरचा विश्वास कायमचा उडाला, आणि उडाला तर बरोबरच आहे. त्या रविवारी मी सेटवर पोतं टाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला आडाच्या कप्पीचा आवाज आला. बाहेर आलो. दादा ओसरीत गाढ झोपला होता, वाकडं मनगट छातीवर. आई खड्ड्यापाशी बसून पाणी ओतत होती. वंदू. यरडू. मी जवळ जाऊन म्हणालो, आई, आता कशाला? दादा आलाय की घरी. आणि तो दुसराच कुणीतरी होता.

तिनं तिसरा तांबा ओतला आणि मग माझ्याकडं बघितलं.

"दुसऱ्याचं कोकरू आपल्या कळपात आलं तर धनी येईस्तवर आमी त्याला पानी पाजायचो," ती म्हणाली. "त्येची आय कुठं ऐकाय बसलीया. तू ऐक."

ती पुढं मोजत राहिली. मी आत गेलो, सेटवरचं पोतं काढलं आणि हेडफोन लावून बसलो. उठलो नाही.